नऊ ते तेरा वर्षांच्या मुली काय वाचतात, काय खेळतात, कशाचा विचार करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही काही जणी गेली चौदा वर्षे दर रविवारी सकाळी बालवाचनालय चालवतो. पुस्तके बदलायला येणाऱ्यांत चौथी ते आठवीच्या मुलींची संख्या सर्वांत मोठी असते. त्यांना सोडायला आलेले आई-वडील, आज्या आणि शिक्षिका पायरीशी उभ्या राहून जे प्रश्न विचारतात, ते वर्षानुवर्षे बरेचसे तेच आहेत. घाईत दिलेली उत्तरे अपुरी पडतात, म्हणून ती येथे सविस्तर लिहिली आहेत.

हे पान नेमक्या कोणत्या वयाच्या मुलींविषयी आहे?

नऊ वर्षे पूर्ण झाल्यापासून तेरावे संपेपर्यंतच्या मुलींविषयी. या वयाला मराठीत एकच नेमका शब्द नाही. सरकारी योजनांत 'किशोरी' म्हणतात, प्रमाणपत्रावर नावाआधी 'कु.' लिहितात आणि घरात आजी 'ना धड लहान, ना धड मोठी' म्हणते; आजीचे म्हणणे सर्वांत अचूक आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला पौगंडावस्था मानते, परंतु पाचवीतली मुलगी आणि महाविद्यालयात जाणारी तरुणी यांच्या गरजा एका मापाने मोजता येत नाहीत. रात्री वीज कडाडली की आईच्या कुशीत शिरणारी आणि सकाळी आईने शाळेच्या फाटकापर्यंत येऊ नये असे सांगणारी मुलगी एकच असते, आणि या दोन्ही वेळी ती खरेच बोलत असते.

या मुली सध्या मराठीत काय वाचतात?

आमच्या देवघेवीच्या वहीवरून सांगायचे तर भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे अजूनही फारसा कपाटात राहत नाही. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, सत्यजित राय यांच्या गुप्तहेर फेलूदाच्या अशोक जैन यांनी केलेल्या मराठी अनुवादाची पुस्तके आणि सुधा मूर्तींच्या गोष्टी यांना सतत मागणी असते. 'तोत्तोचान' हे तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून मुली वाचतात, आणि आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या त्या शाळेविषयी वाचून झाले की आपल्या शाळेविषयी आठवडाभर बोलत राहतात. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके दुसरी-तिसरीच्या मुलींसाठी म्हणून घेतली जातात, पण ती निवांत बसून पुन्हा वाचणाऱ्या मुली मला सहावीतही दिसतात. घरातली माणसे त्यांच्या लेखनात जशी बोलतात, तशी फार थोड्या पुस्तकांत बोलतात.

येथे एक खंत स्पष्टपणे नोंदवायला हवी. बनेश मुलगा, बोक्या मुलगा, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मुलगा, आणि फेलूदाच्या कथांत तर स्त्री-पात्रे जवळजवळ नाहीतच. ताम्हनकरांनी 'चिंगी' लिहिली, तरी गोट्याचे नाव ज्या घरांत ठाऊक आहे त्यांतल्या अनेक घरांत चिंगीचे ठाऊक नसते. मुली हे सर्व मनापासून वाचतात आणि सायकलवरून चोराच्या मागे लागणाऱ्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवतात. उलट, मुखपृष्ठावर मुलगी असलेले पुस्तक आमच्याकडचे बहुतेक मुलगे हातात घेऊन परत ठेवतात. पाचवीतल्या एका मुलीने फास्टर फेणेचे सहावे पुस्तक परत करताना विचारले होते, "फुरसुंगीत मुली नव्हत्या का?" तिला देता येतील अशी, साहस करणाऱ्या मराठी मुलींची पुस्तके मी कपाटात शोधू लागले, तेव्हा दोन्ही हातांत मावतील एवढीच निघाली. लेखकांनी आणि प्रकाशकांनी त्या मुलीचा प्रश्न मनावर घ्यावा, असे मला फार वाटते.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे आणि मराठी पुस्तक हातात धरत नाही. काय करावे?

बहुतेक वेळा अडचण आवडीची नसते, वेगाची असते. जी मुलगी इंग्रजी पान दोन मिनिटांत वाचते तिला मराठी पानाला सहा-सात मिनिटे लागतात, जोडाक्षरापाशी ती अडखळते आणि गोष्टीतला ताण निसटून जातो. तिला 'मातृभाषेचा अभिमान' शिकवू नये. त्याने पुस्तक आणखी जड होते. रोज रात्री दहा मिनिटे आपण मोठ्याने वाचावे, तिने नुसते ऐकावे आणि रंगात आलेल्या ठिकाणी आपण थांबावे. पुस्तक उशाशी ठेवून दिवा चालू ठेवला, तर पुढचे पान ती स्वतः वाचते, हे मी अनेक घरांतून ऐकले आहे.

गोष्ट आधीच माहीत असलेले पुस्तक मराठीतून देणे हाही चांगला मार्ग आहे. हॅरी पॉटर मराठीत उपलब्ध आहे, आणि ज्या मुलीला इंग्रजीतून तो पाठ आहे तिला मराठी वाचताना प्रत्येक शब्द अडत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी मोफत आहेत. शक्य असेल त्यांनी मे महिन्यात मुलींना घेऊन आमच्याच जिल्ह्यातील भिलारला जावे. पाचगणीजवळचे हे गाव २०१७ सालापासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि तेथे लोकांच्या घरांत बसून पुस्तके वाचता येतात. परक्या घराच्या ओट्यावर, कोणीही 'वाच' असे न म्हणता, पुस्तक उघडणारी मुलगी पाहणे हा फार समाधानाचा अनुभव आहे.

चित्रकथा, जपानी मांगा आणि मोबाइलवरचे वेबटून हे वाचन मानावे का?

होय. मांगा उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो, चौकटींचा क्रम लावावा लागतो, चेहऱ्यावरून न बोललेले ओळखावे लागते. हे सर्व वाचनच आहे. मात्र मांगा मोठ्यांसाठीही असतात, त्यामुळे मागच्या बाजूचे वयाचे सूचन पाहून घ्यावे, आणि वाचकांनीच लिहिलेल्या कथांच्या अॅपवर प्रौढांसाठीचा मजकूरही सहज समोर येतो, हे लक्षात ठेवावे.

चौथीपर्यंत भरपूर वाचणारी मुलगी आता वाचतच नाही. असे का होते?

तीन कारणे मला वारंवार दिसतात. पहिले म्हणजे वेळ. शाळा, शिकवणी, शिष्यवृत्तीचा वर्ग, सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी, आणि रविवारी त्या सर्वांच्या सराव परीक्षा. जिला अवांतर वाचायला अर्धा तासही मिळत नाही, तिला 'वाचनाची आवड राहिली नाही' असे म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरे कारण नाजूक आहे. आमच्या ओसरीवर खालच्या फळीवर मोठ्या अक्षरांची पुस्तके आणि वरच्या फळ्यांवर कादंबऱ्या असत. अकरा वर्षांची एक मुलगी कितीतरी वेळ मधल्या खांबाला टेकून उभी राहायची. खाली बसून पुस्तक शोधले तर वर्गातल्या मुली हसतील आणि वरचे पुस्तक घेतले तर ते संपणार नाही, अशी तिची अडचण होती, हे आमच्या लक्षात यायला तीन रविवार लागले. त्यानंतर आम्ही इयत्तेप्रमाणे लावलेल्या फळ्या मोडल्या आणि सर्व पुस्तके विषयाप्रमाणे एकत्र लावली. घरीही हेच करता येते: लहानपणची पुस्तके 'आता तू मोठी झालीस' म्हणून धाकट्या भावंडाला देऊन टाकू नयेत. मन थकले की मुली त्या पुस्तकांकडे परत येतात.

तिसरे कारण म्हणजे आपले प्रश्न. 'यातून काय शिकलीस?' हा प्रश्न विचारला की पुस्तक धड्यासारखे होते. 'त्या मुलीने घरी खरे का नाही सांगितले?' असे विचारले तर मुलगी अर्धा तास बोलते, आणि बोलता बोलता स्वतःबद्दलही पुष्कळ सांगून जाते.

या वयाच्या मुली काय खेळतात?

मैदान मिळाले तर लंगडी, खो-खो, डबा ऐसपैस, विषामृत, बॅडमिंटन आणि आता क्रिकेटही. पायरीवर बसून सागरगोटे खेळणाऱ्या मुली कमी झाल्या, पण संपलेल्या नाहीत. गजगे मिळत नाहीत म्हणून त्या खडे वापरतात. घरात बुद्धिबळ, कॅरम, पत्ते. मोबाइलवर लुडो, रोब्लॉक्स आणि माइनक्राफ्ट. याखेरीज मोठ्यांना खेळ वाटत नाही असा एक खेळ त्या सतत खेळत असतात: वहीच्या शेवटच्या पानावर घराचे नकाशे काढणे, काल्पनिक हॉटेलचे दरपत्रक लिहिणे, मैत्रिणींची टोपणनावे ठरवणे, मण्यांची मैत्रीची कडी करणे. भातुकली या वयात संपत नाही. ती कागदावर जाते.

मग बाहेरचा खेळ बंद का पडतो? मोबाइलमुळेच ना?

माझे उत्तर 'नाही' असे आहे. मुली मैदान सोडत नाहीत; आपण ते त्यांच्याकडून काढून घेतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी मोबाइल येऊन बसतो. कोणती गोष्ट आधी घडते हे नीट पाहिले, तर दोष कोणाचा हे आपोआप कळते.

आमच्या वाड्यामागे एक मोकळी जागा आहे. एका मे महिन्यात मी ओसरीवरून सलग पंधरा दिवस संध्याकाळी पाच ते सात या वेळेत तेथे कोण खेळते हे वहीत लिहून ठेवले. मधली सर्व जागा मुलांच्या क्रिकेटसाठी होती. दहा वर्षांपर्यंतच्या मुली कडेकडेने पकडापकडी खेळत. अकरा-बारा वर्षांच्या मुली भिंतीलगतच्या कट्ट्यावर बसलेल्या असत, आणि तेराव्या वर्षानंतरच्या मुली तेथे नव्हत्याच. या मुलींना कोणी हाकलले नव्हते. एकीला संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळायचे असे, दुसरीची शिकवणी त्याच वेळेला होती, तिसरीला आजीने सांगितले होते, 'आता काय घोडीसारखी उड्या मारणार आहेस का?' चौथीने काही दिवसांनी हळूच सांगितले की धावताना छाती हलते, मुलगे हसतात, आणि आत घालायला काय हवे हे आईला कसे विचारावे ते तिला कळत नाही. एका मुलीचा खेळ दोनशे-अडीचशे रुपयांच्या कपड्यावाचून आणि एका न झालेल्या संभाषणावाचून सुटला होता. याशिवाय मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणे आणि अंधार पडण्याआधी घरी येण्याचा नियम फक्त मुलींना असणे, ही कारणे प्रत्येक गावात सापडतील.

आम्ही शेजारच्या मंडळींशी बोलून मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी मधली जागा मुलींसाठी मागून घेतली. पहिले तीन आठवडे वाद झाले, मग सवय झाली, आणि कट्ट्यावरच्या मुली खाली उतरल्या. त्यांना पाहायला आज उदाहरणे आहेत, हेही महत्त्वाचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला संघाने महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली जिंकला. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख १९ व्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारतीय महिला क्रिकेट संघाने विश्वचषक उचलला, आणि त्या संघात सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. त्यानंतरच्या रविवारी पाठीवर स्मृतीचा १८ हा आकडा असलेला टी-शर्ट घालून दोन मुली पुस्तके बदलायला आल्या होत्या. सांगली आमच्यापासून दूर नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

भोंडला, भुलाबाई हे खेळ आता फक्त कार्यक्रमापुरते उरले आहेत का?

सभागृहातला, ध्वनिक्षेपकावरचा भोंडला पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आश्विनात हस्त नक्षत्राच्या दिवसांत पाटावर तांदळाचा हत्ती काढून आठ-दहा मुली त्याभोवती फेर धरतात, तेव्हा तो खेळ अजूनही जिवंत असतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे त्याला हादगा म्हणतात. खानदेश-विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसतात. सासर-माहेरची गाणी आजच्या मुलींना अर्थाने परकी वाटतात आणि त्या प्रश्नही विचारतात: सासूने एवढे का छळावे, सून उलट का बोलत नाही. असे प्रश्न निघाले की आम्ही फेर थांबवून बोलत बसतो.

त्यांचा खरा जीव खिरापत ओळखण्यात असतो. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, आवाज आला तर चकली की शेव, न आला तर शिरा की वड्या, हे ठरवायचे. 'गोड की तिखट' एवढेच विचारायचे आणि ज्या घरची खिरापत कोणालाच ओळखता येत नाही त्या घरच्या मुलीने मिरवायचे. गेल्या वर्षी एकीने डब्यात नुसती सोललेली डाळिंबे आणली होती. वीस मिनिटे कोणालाही ओळखता आले नाही, आणि एरवी कोपऱ्यात बसणारी ती मुलगी त्या संध्याकाळी सर्वांच्या मध्ये होती.

रोब्लॉक्स म्हणजे काय, आणि मुलीला खेळू द्यावे का?

रोब्लॉक्स हा एक खेळ नसून खेळांचा बाजार आहे. २००६ साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर इतरांनी बनवलेले असंख्य खेळ असतात. मुली तेथे घर सजवतात, पाळीव प्राणी वाढवतात, कपडे बदलतात आणि मैत्रिणींना भेटतात. 'रोबक्स' हे तेथले चलन खऱ्या पैशांनी विकत घ्यावे लागते. मैदान बंद झालेल्या मुलीला तेथे भेटीची जागा मिळते, म्हणून 'वेळ वाया घालवतेस' हे वाक्य तिला पटत नाही.

धोका अनोळखी माणसांचा आणि पैशांचा आहे. म्हणून आधी तिच्या शेजारी बसून दोन-तीन दिवस खेळावे, तिने रचलेले घर पाहावे, मग पालकांसाठीच्या सेटिंगमध्ये जाऊन गप्पांची सोय मर्यादित करावी आणि खरेदीला पासवर्ड लावावा. फोटो, शाळेचे नाव आणि पत्ता कोणालाही द्यायचा नाही, आणि कोणी 'हे घरी सांगू नकोस' म्हणाले तर तेच सर्वांत आधी घरी सांगायचे, हा नियम शांतपणे समजवावा. 'सांगितलेस तर मोबाइल काढून घेणार नाही' हे वचन त्या नियमाच्या बरोबर द्यावे लागते, नाहीतर मुलगी गप्प राहते. पैशांची फसवणूक किंवा त्रास झाला तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे खात्यासाठी किमान वय १३ आहे. खोटी जन्मतारीख घालून दहा वर्षांच्या मुलीचे खाते आपणच उघडून दिले, तर पुढे तिला नियम सांगण्याचा आपला हक्क कमी होतो.

कोरियन गाण्यांचे एवढे वेड का?

कारण त्यात एकत्र करण्यासारखे पुष्कळ असते: नाच बसवायचा, शब्द शिकायचे, गटातल्या प्रत्येकाचा स्वभाव पाठ करायचा. आमच्याकडच्या सातवीतल्या तिघींनी कोरियन लिपी शिकून घेतली. हंगुल या नावाची ही लिपी पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळात तयार झाली आणि आज तिच्यात मूलभूत अक्षरे चोवीसच आहेत. त्या आता त्या लिपीत मराठी लिहितात. घरच्यांना वाचता येऊ नये हाच त्यामागचा हेतू आहे, आणि तो हेतू रास्त आहे.

मैत्रिणींच्या भांडणात पडावे का?

शक्यतो पडू नये, पण ते किरकोळ आहे असेही म्हणू नये. या वयात मैत्रीण हे मुलीने स्वतः निवडलेले पहिले नाते असते. तिघींच्या गटात दोघी जवळ येतात आणि तिसरी बाहेर पडते. पूर्वी कट्टी दोन दिवसांत बट्टी होत असे, आता आईच्या मोबाइलवरचा गट सोडायला लावणे किंवा वाढदिवसाचा फोटो पाहून आपल्याला बोलावले नव्हते हे कळणे, असे त्याचे रूप झाले आहे. मुलीला आधी पूर्ण बोलू द्यावे. 'दुसरी मैत्रीण कर' हा सल्ला पहिल्या दिवशी देऊ नये. मात्र नावे ठेवणे, जात किंवा रंग काढून चिडवणे, सर्वांनी मिळून अबोला धरणे असे सातत्याने चालले असेल, तर ते भांडण राहत नाही. तेथे शिक्षिकेशी बोलणे हे मोठ्यांचे काम आहे.

पाळीविषयी केव्हा आणि कसे सांगावे?

ती येण्यापूर्वी, म्हणजे नवव्या वर्षाच्या सुमारास. मुलींमध्ये शरीरातील बदल साधारणपणे ८ ते १३ या वयात सुरू होतात, छातीची वाढ सुरू झाल्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते आणि त्याआधी उंची झपाट्याने वाढते. आठ वर्षांच्या आत बदल दिसू लागले किंवा पंधरावे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते.

'कावळा शिवला' असे म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या मुलीला आपले शरीर अपवित्र आहे हे पहिल्याच दिवशी शिकवले जाते, आणि ते विसरायला तिला अर्धे आयुष्य लागते. त्याऐवजी पॅड उघडून दाखवावे, कसे लावायचे ते शिकवावे, चार ते सहा तासांनी बदलायचे आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे हे सांगावे, शाळेच्या दप्तरात एक जादा निकर आणि दोन पॅड एका लहान पिशवीत ठेवून द्यावेत. वडिलांनाही हे बोलता यायला हवे. आई परगावी असताना पाळी आलेल्या एका मुलीचे वडील दुकानातून चार प्रकारची पाकिटे घेऊन आले आणि 'यातले तुला कोणते बरे पडते ते बघ' म्हणाले, हे त्या मुलीने आम्हाला अभिमानाने सांगितले होते. याच वयात डॉक्टरांशी एचपीव्ही लशीविषयीही बोलून घ्यावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी ही लस प्रामुख्याने ९ ते १४ वयाच्या मुलींना द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्व्हावॅक ही भारतीय लसही उपलब्ध आहे.

मुलगी सतत आरशासमोर असते आणि क्रीम मागते.

साबण, पाणी, उन्हात सनस्क्रीन एवढे पुरते. मोठ्या बायकांसाठीची सुरकुत्यांवरची क्रीमे कोवळ्या त्वचेला त्रास देतात. रंगाविषयी घरातल्या कोणीही, लाडातसुद्धा, तुलना करू नये.

हे सर्व शहरातल्या मुलींचे झाले. सगळ्या मुलींना हे लागू पडते का?

नाही, आणि हा प्रश्न विचारला जावा असे मला वाटते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी निघणाऱ्या कुटुंबांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुली फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून धाकटी भावंडे सांभाळतात, पाणी भरतात आणि शाळेचे निम्मे वर्ष गमावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. तेराव्या वर्षी अशा घरातली मुलगी कशाचा विचार करत असेल, हे वेगळे सांगायला नको. आम्ही हंगामात कारखान्याजवळच्या वस्तीवर पुस्तकांची पेटी नेतो. तेथील मुलींनाही फास्टर फेणेच आवडतो, आणि भावंड कडेवर घेऊन त्या उभ्यानेच वाचतात.

मुलीची डायरी वाचावी का?

वाचू नये. अ‍ॅन फ्रँकला डायरी मिळाली ती तिच्या तेराव्या वाढदिवशी, १२ जून १९४२ रोजी. नाझींपासून लपून राहिलेल्या तिला पकडून नेल्यानंतर तिच्या कुटुंबाला मदत करणाऱ्या मीप गीस यांनी ती कागदपत्रे गोळा केली आणि न वाचता टेबलाच्या खणात ठेवली. अ‍ॅनच्या मृत्यूची बातमी पक्की झाल्यावरच ती तिच्या वडिलांच्या हाती दिली. एवढ्या संकटातही एका मोठ्या बाईने एका मुलीचा खासगीपणा जपला होता. मुलीच्या जिवाला धोका आहे अशी ठोस शंका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी तिच्याशी बोलावे.

त्या एवढा कशाचा विचार करतात?

आमच्या ओसरीवर पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात मुली नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकतात आणि महिन्यातून एकदा आम्ही त्या उघडून सर्वांसमोर बोलतो. चिठ्ठ्यांत काय असते? 'आई-बाबा भांडतात ते माझ्या फीमुळे का?' 'देव आहे तर आजी का गेली?' 'आमच्या घरी पाणी प्यायला मैत्रीण नको म्हणते.' 'भावाला दूध पूर्ण ग्लास, मला अर्धा.' 'मला मुलगा आवडतो हे पाप आहे का?' 'कुत्र्याला मारणाऱ्या काकांना शिक्षा कोण देते?'

ज्यांना हे प्रश्न वयापेक्षा मोठे वाटतात त्यांनी मुक्ता साळवे यांना आठवावे. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तिसऱ्या इयत्तेत शिकणाऱ्या या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्म कोणाचा, पुस्तके वाचण्याचा अधिकार कोणाला, हे तिने त्यात थेट विचारले होते. तिला अक्षर मिळून फार वर्षे झाली नव्हती.

आमच्या वस्तीतही असे वाचनालय सुरू करायचे आहे. काय लागेल?

साठ-सत्तर पुस्तके, एक सतरंजी, एक वही आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी उघडणारे दार. अनामत रक्कम घेऊ नये आणि फाटलेल्या पुस्तकाचा दंड घेऊ नये, कारण ज्या मुलींना पुस्तकांची सर्वांत जास्त गरज असते त्या दंडाच्या भीतीने येणेच थांबवतात. देवघेवीची वही सहावी-सातवीच्या मुलींच्या हाती द्यावी; कोणाला काय आवडेल हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. चिठ्ठ्यांची पेटी पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि ती रिकामी राहिली तरी काढू नये. आमची पहिले चार महिने रिकामी होती.